दुसरी बॅटरी उपाशी का राहते?

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

या महिन्यात आलेली पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच निघाला, डबल बॅटरी, म्हणजे गाडीच्या मेन बॅटरीशिवाय फ्रीज-लाइटसाठी बसवलेली दुसरी बॅटरी. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी या बाजूला गाडी घेऊन मुक्कामाला जाणारे वाढलेत. कामासाठी गाडीत फ्रीज, लाइट, इन्व्हर्टर बसवणारेही वाढलेत. धुळ्यात पारोळा रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. उन्हाळा लागला की दारात गाडी उभी राहते आणि ड्रायव्हर खाली उतरता उतरताच सांगतो, "भाऊ, बॅटरी उतरी गयी." बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी एक नवी बॅटरी विकत घेतलेली असते. त्याचं मला फार वाईट वाटतं. सात-आठ हजारांची बॅटरी बदलण्याआधी कोणीतरी पाचशे रुपयांचा मीटर लावून बघायला हवा होता. म्हणून आज उत्तरं जरा सविस्तर देतो.

प्रश्न : मी पशुवैद्यक आहे. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर लसीकरणासाठी जुनी डिझेल बोलेरो कॅम्पर घेऊन फिरतो. लसींसाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज आहे. त्याच्यासाठी हौद्यात ८० अँपिअरची दुसरी बॅटरी बसवून घेतली, मध्ये आपोआप जोडणारा-सोडणारा रिले आहे. सकाळी सगळं ठीक असतं, दुपारी तीन-चारच्या सुमाराला फ्रीज बंद पडतो. दोन वर्षांत दोनदा बॅटरी बदलली. डायनामो चांगला आहे असं तिघांनी सांगितलं. मग चूक कुठे आहे?
— एक वाचक, धडगाव

उत्तर : डॉक्टर, तुमचं पत्र मिळाल्यावर मी तुम्हाला फोनवर काही रीडिंग घ्यायला सांगितली होती. तुम्ही ती नीट लिहून पाठवलीत, म्हणून अर्धं काम झालं. इतर वाचकांसाठी ती इथे देतो.

रात्रभर गाडी उभी आणि फ्रीज बंद असताना सकाळी मेन बॅटरी १२.६ व्होल्ट, दुसरी १२.१. पूर्ण भरलेली साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी शांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. म्हणजे तुमची दुसरी बॅटरी कामाला निघतानाच अर्ध्या पोटी होती. तुम्हाला सकाळी "सगळं ठीक" वाटत होतं ते फक्त फ्रीज चालू होत होता म्हणून.

इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, फ्रीज चालू : मेन बॅटरीवर १४.२, दुसरीवर १३.१. डायनामो चांगला आहे हे तिघांनी सांगितलं ते खरंच आहे, तो १४.२ देतोय. पण हौद्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्यातले १.१ व्होल्ट वाटेत गळतात. तिघांनीही मीटर बोनेटखालच्या बॅटरीला लावला, हौद्यातल्या बॅटरीला कोणी लावला नाही.

आता गळती कुठे आहे हे शोधायची रीत सांगतो. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, फ्रीज चालू असताना एक पिन मेन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पिन दुसऱ्या बॅटरीच्याही प्लसवरच लावा. प्लसला प्लस. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट लाल वायर, फ्यूज आणि रिले मिळून खातात. मग तसंच मायनसला मायनस. हा आकडा म्हणजे अर्थिंगने खाल्लेले व्होल्ट. तुमच्याकडे प्लसच्या बाजूला ०.४ आले आणि मायनसच्या बाजूला ०.७. बेरीज बरोबर १.१. करंट वाहत असतानाच हे माप घ्यायचं, गाडी बंद ठेवून घेतलं तर काहीच कळणार नाही. करंट तुम्ही क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरायच्या मीटरने, २० अँपिअर मोजलात. क्लॅम्प मात्र डीसी मोजणारा हवा, घरगुती वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त एसी मोजतो.

पुढच्याच रविवारी डॉक्टर कामानिमित्त धुळ्याला आले तेव्हा गाडी दुकानात आणली. हौद्यात लोखंडी पेटी, पेटीत बॅटरी, आणि तिची काळी वायर शेजारीच हौद्याच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली. इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटांनी मी त्या बोल्टवर बोट ठेवलं तर चटका बसला. ०.७ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे १४ वॅट, त्यातली बरीचशी उष्णता त्या एका सांध्यात तयार होत होती. बोल्ट काढला. थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) हिरवट-निळी बुरशी चढलेली, आणि पत्र्यावर रंग जसाच्या तसा. बसवणाऱ्याने रंग खरवडलाच नव्हता. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. त्यात कॅम्परचा हौदा चॅसीवर पॅकिंग देऊन बसवलेला असतो, त्यामुळे हौद्याचा पत्रा ही मुळातच चांगली अर्थिंग नव्हे.

आम्ही काळी वायर १६ स्क्वेअर एमएमची घेतली आणि थेट चॅसीवर नेली. चॅसीवरची जागा ग्राइंडरने लखलखीत केली, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, आणि आवळून झाल्यावर वरून रंग मारला. क्रम लक्षात ठेवा, आधी उघडा धातू, मग बोल्ट, मग रंग. इंजिनपासून चॅसीला येणारी तांब्याच्या जाळीची पट्टीही काळी पडली होती, तीही साफ केली.

लाल वायर ६ स्क्वेअरची होती, लांबी ६ मीटर. तांब्याचा हिशोब सोपा आहे : लांबी मीटरमध्ये, तिला ०.०१७५ ने गुणा आणि वायरच्या स्क्वेअर एमएमने भागा, म्हणजे ओहम मिळतात. ६ मीटर, ६ स्क्वेअर, म्हणून ०.०१७५ ओहम. २० अँपिअरला नुसती वायरच ०.३५ व्होल्ट खाते. तिथे १६ स्क्वेअर टाकली की तेच ०.१३ होतात. बाजारात जाड आवरणाची, आत कमी तांबं असलेली वायर "जाड वायर" म्हणून देतात, तेव्हा कापून आतलं तांबं बघून घ्या. आणि थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. खडकाळ रस्त्यावर गाडी दिवसभर थरथरते, पक्कडीने चेपलेलं थिंबल चार महिन्यांत सैल पडतं.

एवढं केल्यावर दुसऱ्या बॅटरीवर १३.९ व्होल्ट आले आणि करंट २० वरून २६ वर गेला.

कोणी विचारेल की बॅटरी भरत गेली की करंट कमी होतो, करंट कमी झाला की वायरीतली गळतीही कमी होते, मग जुन्या वायरीनेही बॅटरी कधीतरी भरलीच असती. बरोबर आहे, गाडी दहा तास सलग चालली असती तर भरली असती. पण डॉक्टरांची गाडी दिवसातून मोठ्या मुश्किलीने दोन तास चालते. पाड्यावर गेली की झाडाखाली उभी. रोज अर्धवट भरायची आणि रोज उपसायची, अशाने प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चांगली बॅटरी वर्षभरात बसते. तुम्ही बदललेल्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या. त्यातली नंतर काढलेली अजून तुमच्याकडे असेल तर फेकू नका. डिस्टिल वॉटर बघून ८ अँपिअरच्या आसपास सावकाश चार्ज करा. सगळ्या खान्यांत हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) १.२५ च्या वर आला तर ती अजून चालेल, एखादा खाना खालीच राहिला तर मात्र भंगारात द्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वायर बदलली म्हणून सगळं सुटलं असं नाही. तुमचा फ्रीज चालू असताना ४ अँपिअर घेतो. वैशाखात कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही, म्हणजे दहा तासांत ४० अँपिअर-तास. ८० च्या बॅटरीतून त्याहून जास्त रोज काढू नये. दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये सुरुवातीला २६ दिसणारा करंट लवकरच खाली येतो, त्यातले ४ फ्रीजच खातो. हिशोब तोंडाला तोंड लागतो, वर काही उरत नाही. त्यामुळे रात्री घरी गाडी लागली की दुसऱ्या बॅटरीला घरच्या विजेवर चालणारा ऑटोमॅटिक चार्जर लावा. शेवटचे वीस टक्के भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो वेळ फक्त रात्री मिळतो. शिवाय टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरसह बसवलं तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास मिळतात. त्यासाठी गाडी झाडाखाली लावण्याऐवजी उन्हात लावावी लागेल, मग फ्रीज तापेल. म्हणून फ्रीजवर गोधडी टाका, फक्त हवा जाण्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवा.

अजून एक दोष तुमच्या गाडीत सापडला. फ्रीजला सप्लाय लायटरच्या सॉकेटवरून दिला होता, तोही बारीक वायरीने. फ्रीज व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टोकाला. कॉम्प्रेसर सुरू होताना झटका घेतो, तेवढ्यात बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि बॅटरीत जीव असतानाही फ्रीज "बॅटरी लो" म्हणून बंद होतो. तुमचीच काढलेली ६ स्क्वेअरची वायर आम्ही तिथे वापरली, बॅटरीपासून थेट, १५ अँपिअरचा फ्यूज देऊन.

आणि डॉक्टर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण वाचकांत तुमच्यासारखे आणखी असतील म्हणून लिहितो. लाळ्या-खुरकूताची लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी आणि ती गोठताही कामा नये. फ्रीजवर भरवसा ठेवून हिंडताना आत एक वेगळा थर्मामीटर ठेवा, आणि बर्फाचे पॅक कापडात गुंडाळून, बाटलीला थेट टेकणार नाहीत असे सोबत असू द्या. पाड्यावरच्या माणसाने आपलं जनावर विश्वासाने पुढे उभं केलेलं असतं.

फ्यूजबद्दल : लाल वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा, प्रत्येक बॅटरीपासून वीतभराच्या आत. तुमच्याकडे फक्त मेन बॅटरीजवळ होता. दुसरी बॅटरी हीसुद्धा करंटचा झराच आहे. वायर मधे कुठे चॅसीला घासली तर मागच्या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतील आणि पुढचा फ्यूज बघत राहील. अशी हौद्याखालून पेटलेली एक पिकअप मी डोळ्यांनी पाहिली आहे. माणसं वाचली, गाडी गेली.

प्रश्न : काका, माझी नवी बीएस-६ डिझेल फोर बाय फोर आहे. गौताळा, पाटणादेवी भागात मित्रांसोबत जातो. दुसरी बॅटरी आणि व्हीएसआर (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-सोडणारा रिले) बसवला. गाडी चालताना रिले सारखा टक-टक करतो, मग सोडूनच देतो. मेन बॅटरीवर कधी १२.५ दिसतात, घाट उतरताना १४.८. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघितलं आणि डायनामो गेला म्हणाला. बदलू का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बेटा, डायनामो बदलू नकोस. आणि आधी एक कळकळीची विनंती, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल पुन्हा कोणालाही काढू देऊ नकोस. ही आमच्या धंद्यातली फार जुनी सवय आहे, जुन्या डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटर (आताच्या गाड्यांतला, ज्याला आपण डायनामोच म्हणतो) चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली तर व्होल्टेज उसळी मारतं, त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि आताच्या गाड्यांत तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही, जाऊ शकतो. मी शिकाऊ असताना उस्तादांच्या सांगण्यावरून असंच टर्मिनल काढलं होतं. मालकाची जीप दोन दिवस जागेवर उभी राहिली. तेव्हापासून माझ्या दुकानात हे कोणी करत नाही.

आता तुझ्या गाडीबद्दल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्याच्या आगेमागे अनेक गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर आले. त्यांचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. मेन बॅटरी भरली की डिझेल वाचवायला तो अल्टरनेटरला ढील देतो, व्होल्टेज १२.५ वर येतं. घाट उतरताना, ब्रेक मारताना फुकटची ताकद मिळते तेव्हा तो १४.८ पर्यंत चढवतो. तुझे आकडे नेमके असेच आहेत. व्हीएसआरला मात्र एवढंच कळतं की १३.३ च्या आसपास आलं की जोडायचं, १२.८ च्या खाली गेलं की सोडायचं. म्हणून तो टक-टक करतो. त्याचा दोष नाही आणि डायनामोचाही नाही, जोडी चुकली आहे.

खात्री करायची असेल तर वीस मिनिटं गाडी चालव आणि शेजारी बसलेल्या मित्राला मीटर धरायला सांग. सपाटीवर काय, घाटात काय, हेडलाइट लावल्यावर काय, लिहून काढ. हेडलाइट लावले की काही गाड्यांत व्होल्टेज वर येतं. बरेच जण म्हणूनच दिवसा लाइट लावून फिरतात, पण तो काही इलाज झाला नाही.

इलाज आहे डीसी टू डीसी चार्जर. आत १२.३ येवोत की १४.८, तो बाहेर दुसऱ्या बॅटरीला जे हवं तेच देतो. तुझ्या कामाला २५ अँपिअरचा पुरे. हा घेताना चार गोष्टी सांभाळ. पहिली, स्मार्ट अल्टरनेटरसाठी त्याला चावीवर चालू होणारी एक बारीक ट्रिगर वायर द्यावी लागते. ती जोडायची राहिली की चार्जर व्होल्टेज बघून आपणच बंद होतो आणि लोक चार्जर खराब म्हणून परत करतात. माझ्याकडे आलेल्या "खराब" चार्जरपैकी बरेचसे या एका वायरीने सुरू झाले. ती वायर गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) ब्लेड मारून काढू नकोस, फ्यूज बॉक्समध्ये खोचायचं तयार अ‍ॅडॉप्टर मिळतं ते घे आणि वॉरंटीचं शोरूमला आधी विचारून घे.

दुसरी, आत जाणारा करंट बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. बाहेर १४.४ व्होल्टला २५ अँपिअर म्हणजे ३६० वॅट. थोडी शक्ती चार्जरमध्येच जाते, ती धरली तर १२.४ व्होल्टला आत ३२ अँपिअर लागतात. म्हणून वायर १६ स्क्वेअर आणि फ्यूज ४० चा. तिसरी, मेन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटी सेन्सरची डबी आहे का बघ. असेल तर कुठलीही काळी वायर थेट त्या टर्मिनलच्या खिळ्याला लावू नकोस, चॅसीला लाव. नाहीतर कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो, त्याला आलेला-गेलेला करंट दिसतच नाही.

चौथी गोष्ट जागेची. चार्जर बोनेटखाली बसवू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, बोनेटखालचं विचारूच नकोस. चार्जर तापला की स्वतःला वाचवायला करंट कमी करतो, आणि तू म्हणशील २५ चा घेतला अन् १२ च मिळतात. बॅटरीचंही तसंच, तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा आमच्यात धडा आहे. लिथियम घ्यायची ठरवलीस तर ती केबिनमध्येच ठेव आणि चार्जरवर लिथियमची सेटिंग निवडायला विसरू नकोस.

प्रश्न : दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या हव्यात का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : मध्ये रिले असेल तर गरज नाही, पण जात एक असावी. एक साधी पाण्याची आणि एक लिथियम अशी जोडी नुसत्या रिलेवर ठेवू नका, तिथे डीसी टू डीसीच हवा. कायमच्या समांतर जोडायच्या असतील तर मात्र एकाच वेळी घेतलेल्या, एकाच मापाच्या घ्या. नवी आणि जुनी एकत्र बांधली की जुनी नवीला घेऊन बुडते.

प्रश्न : आमच्याकडे जुनी जीप आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेऊन आमचा चार-पाच दिवस मुक्काम असतो. तंबूत लाइट आणि पंखा दुसऱ्या बॅटरीवर चालतो. गेल्या वेळी तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरल्या, जीप धक्क्याने सुरू करावी लागली. मध्ये सोलेनॉइड (दोन बॅटऱ्या जोडणारा विजेवरचा मोठा स्विच) आहे, डॅशबोर्डवर त्याचा स्विच आहे आणि तो रात्री बंद केला होता, हे मी स्वतः बघितलं होतं. मग मेन बॅटरी कशी उतरली?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, स्विच बंद होता यावर माझा विश्वास आहे. सोलेनॉइड आतून चिकटला असणार. त्याच्या आत तांब्याची एक चकती दोन खिळ्यांना जोडते. त्या टोकांवर ठिणग्या पडून खड्डे होतात आणि एक दिवस चकती तिथेच वितळून चिकटते. स्विच बंद केला तरी जोड सुटत नाही. मग रात्रभर पंखा दोन्ही बॅटऱ्यांवर चालतो.

घरी तपासता येईल. जीप बंद, चावी काढलेली, सोलेनॉइडचा स्विच बंद. दोन्ही बॅटऱ्यांवरचे व्होल्ट लिहा. मग तंबूचा लाइट आणि पंखा दुसरीवर अर्धा तास चालवा आणि पुन्हा मोजा. दुसरीचे व्होल्ट खाली आले आणि मेनचेही तिच्या बरोबरीने तेवढेच खाली आले, तर जोड आतून लागलेला आहे. मेन जागच्या जागी राहिली तर सोलेनॉइड ठीक आहे, मग गळती दुसरीकडे शोधू. मीटर लावण्याआधी हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, प्लसला आणि बॉडीला एकदम टेकलं की हात भाजतो.

चिकटलेला निघाला तर त्याच्या डोक्यावर पान्याने ठोकून तो कदाचित सुटेल. पण तेवढ्याने तो दुरुस्त झाला असं धरू नका. नवा घेताना दुकानात नीट सांगा की दिवसभर चालू राहणारा हवा. आपल्याकडे सर्रास सेल्फचा सोलेनॉइड या कामाला बसवतात. सेल्फचा सोलेनॉइड चार-पाच सेकंद करंट घ्यायला बनवलेला असतो, तासन्‌तास चालू ठेवला की त्याची कॉइल भाजते. तुमच्या जुन्याला हात लावून बघा, अर्धा तास इंजिन चालल्यावर तो हाताला सोसवत नसेल तर तो बहुधा सेल्फचा असणार.

यात्रेला अजून वेळ आहे, तोवर गाडी धुळ्याला आणायला जमलं तर आणा. नाही जमलं तर मुक्कामाला पोहोचल्यावर सोलेनॉइडवरची मेन बॅटरीकडून येणारी केबल काढून ठेवा. आधी दोन्ही बॅटऱ्यांचं मायनस सोडा, मग ती केबल काढा, तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोरीने बांधा, आणि मग दोन्ही मायनस परत लावा.